तळवलीच्या नोटा

८ मार्च १९८७

ही डायरी १९८५ची आहे. कुठल्यातरी रंगाच्या कंपनीने अरविंदसरांना भेट दिली होती, त्यांनी मला दिली. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. सर म्हणाले, "भगवान, सकाळी काय केलं ते तुला संध्याकाळी आठवत नाही. लिहीत जा."

आज काही केलं नाही म्हणून आधीचं लिहितो. परभणीला आयटीआय, वायरमन, दीड वर्ष. कोर्स दोन वर्षांचा होता. मग वाशीला मामाकडे. मिठागरावर तीन आठवडे. कांदा-बटाटा मार्केटात वजनं लिहायला दोन महिने. न्हावा शेव्याला नवं बंदर होतंय, तिथं डंपरवर क्लीनर. मामा म्हणतात ह्याने जन्मात एक काम पुरं केलं नाही. मामांचं बरोबर आहे. आता मी सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये असतो. झाडतो, मशिनांच्या रिबिनी बदलतो आणि बाकावर झोपतो.

१४ मार्च

सरांच्या भावाने मस्कतहून कॉम्प्युटर पाठवला. मला वाटलं कपाटाएवढा असेल. शाळेतल्या पाटीएवढा निघाला. वर रबराची बटणं. स्क्रीन नाही, टीव्हीला लावायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर भरून ठेवायचा म्हणून टेपरेकॉर्डरही लावायचा. एवढं सगळं जोडलं की मग तो कॉम्प्युटर होतो. सरांनी बाहेरच्या पाटीवर 'कॉम्प्युटर' शब्द वाढवला. शिकवणार कोण ते ठरलेलं नाही. पुस्तक माझ्याकडे दिलं, कारण मी वायरमन. मी पाऊणच वायरमन आहे हे मी सांगितलं.

पुस्तकात 'बीप' म्हणून एक हुकूम आहे. पुढे दोन आकडे टाकायचे. पहिला आकडा किती वेळ, दुसरा किती उंच. मग मशीन पिपाणीसारखं एक पीं करतं. अशा एका पींला पुस्तकात नोट म्हणतात. सरही नोट म्हणतात. आपण पण नोटच म्हणू.

१५ मार्च

कालच्या पानावर चहा सांडला. ते पान आणि आधीचं पान चिकटून एक झालं आहे. काही महत्त्वाचं नव्हतं.

२० मार्च

आज तळवलीचा चांगदेव नावाचा माणूस आला होता. ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत फिटर आहे. जमीन गेल्याचा अर्ज टाइप करून घ्यायचा होता. मी तेव्हा मशीनवर चढत्या क्रमाने नोटा वाजवत होतो.

"सर, यो कय वाजतंय?"

"कॉम्प्युटर," सर म्हणाले.

"कनचाबी गाना वाजवल?"

"कुठलंही." सरांनी मशीनला अजून हात लावलेला नाही. पण पाटीचा रंग ओला आहे, त्यामुळे नाही म्हणता आलं नसावं.

चांगदेव खाली बसला आणि अर्ज विसरून आईचं सांगायला लागला. आई जाईबाई, गावची धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात धवला, म्हणजे विधीचं गाणं, गाणारी. चाळीस वर्षं पंचक्रोशीतली लग्नं तिच्या गळ्यावर लागली. दिवाळीत तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता घरात नातीचं लग्न. नऊ मेला हळद, दहाला लग्न.

"धवल्याशिवाय आमचेत हलद लागत नाय," चांगदेव म्हणाला. "दुसरी धवलारीन आनतो बोललो, तर आय ताट ढकलते. तिची चाल दुसरीला येत नाय ना. धवला नाय तर मांडवात येनार नाय, खोलीतच बसनार. तिचीच नात हाय सर, लहानाची मोठी तिनं केली."

"होईल," सर म्हणाले. "आमचा भगवान करेल."

२२ मार्च

मशीन आणि टेप पिशवीत घालून तळवलीला गेलो. सकाळी पोचलो पण चांगदेवचा टीव्ही मोकळा नव्हता. रविवारी सकाळी टीव्हीत देव येतात, अख्खी आळी बाहेर चपला काढून, अगरबत्ती लावून बसलेली असते. मीही बसलो. साडेदहाला देव गेल्यावर मशीन जोडलं.

चांगदेवची बायको येसूबाई फार बोलते.

"नाव कय तुजा?"

"भगवान."

"देव्हाऱ्यात जागा नाय हां आता. बस तितंच."

तिला धवल्याचे सगळे शब्द येतात, चाल येत नाही. तिने गाऊन दाखवलं. ते मी मशीनमध्ये भरलं. जाईबाई पलीकडे बसली होती. बारकी आहे, गळ्याला रुमाल. पुढ्यात पितळेचा तांब्या. तिने बांगडीने तांब्यावर दोनदा वाजवलं.

"दोन म्हंजे खोटा," येसूबाई म्हणाली. "एक म्हंजे खरा. सासूबाय दिवालीपासून अशाच बोलतात. मी कालवन केला का दोनच वाजतात."

मी येसूबाईंचं एकूण एक गाणं वाजवलं. सगळ्याला दोन.

परत येताना बसमध्ये कंडक्टरचं तिकिटाला भोक पाडायचं यंत्र बघत बसलो आणि कोपरखैरण्याला उतरायचं नसताना उतरलो.

२९ मार्च

आवाज होता तेव्हा टेपरेकॉर्डरवर का नाही भरून ठेवला, असं मी येसूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हातारी मरनार नाय असा वाटला होता, गला जाईल ह्यो कुनाचे ध्यानात?" हे बरोबर वाटलं.

आज जाईबाईने नवीनच केलं. तांदळाचं पीठ कालवलं आणि भिंतीवर बोटाने ठिपके दिले. एक खाली, एक वर, एक त्याहून थोडा वर, मग पुन्हा खाली. मी बघत राहिलो. मग तिने ठिपक्यावर बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि मला कळलं. उंच ठिपका, उंच नोट. चुन्याच्या भिंतीवर पूर्ण ओळ काढली. मी इन्स्टिट्यूटची फूटपट्टी आणून मापं घेतली. अर्ध्या इंचाला एक आकडा धरला.

संध्याकाळपर्यंत सहा नोटा खऱ्या निघाल्या. सातवी खोटी. आकडा तीन टाकला तर दोन टकटक. चार टाकला तरी दोन.

येसूबाई म्हणाली, "धवलारनीचा मान लय. नारल आनि लुगरा पयला तिला, मंग बाकीच्यांना. ह्या तुज्या डब्याला कय द्यायाचा? त्येल?"

५ एप्रिल

पुन्हा गेलो. सातवी नोट खोटीच. बाकी लोकांना फरक कळणार नाही असं मला वाटतं. तसं मी म्हणालो. जाईबाई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. चांगदेव म्हणाला, "तिला कलतो ना."

तीन आणि चारच्या मध्ये आकडा नाही. दोनदा मोजून पाहिलं.

१७ एप्रिल

मधले दिवस लिहिले नाहीत कारण मी इथे नव्हतो. दहा तारखेला बस स्टॉपवर न्हावा शेव्याचा ओळखीचा डंपरवाला भेटला. "चलता है क्या?" म्हणाला. मी चढलो. तळवलीला निरोप द्यायचा राहिला. खरं लिहायचं तर राहिला नाही, दिला नाही. वाटलं, डायरीत अजून एक अर्धं काम वाढलं एवढंच.

बंदरावर खाडीत दगड टाकून जमीन करताहेत. दिवसभर दगड टाका, दुसऱ्या दिवशी आणखी टाका. बघायला छान वाटतं. पण पाचव्या दिवशी ड्रायव्हरने मला उतरवलं. म्हणाला, "पांच दिन से एक ही गाना ऊं ऊं ऊं. और हर बार उसी जगह अटकता है. या तो आगे गा, नहीं तो उतर." मी गात होतो हे मला माहीत नव्हतं. गैरसमज झाला असेल. इंजिनाचा आवाज पण असतो.

उतरलो ते उरण फाट्याला. तिथून वाशी.

१९ एप्रिल

तळवली. येसूबाईंनी फक्त "देव उटले वाटतं" एवढं म्हटलं. जाईबाईंच्या खोलीत गेलो. भिंतीवर ठिपके तसेच होते. सातव्या ठिपक्याभोवती तिने गोल काढून ठेवला होता.

तीन, दोन टकटक. चार, दोन टकटक. पुन्हा तीन. पुन्हा चार. तासभर. शेवटी मला राग आला आणि मी तीन आणि चार दोन्ही एकदम टाकले. मध्ये बोट घसरून टिंब पडलं. तीन पॉइंट चार. वाटलं मशीन चूक दाखवेल. मशीनने वाजवलं.

जाईबाईचा हात वर होता, तो तसाच राहिला. मग एक टकटक.

मी पुन्हा वाजवलं. एक. येसूबाई पोळ्या टाकत होत्या, त्या उलथणं घेऊन दारात आल्या आणि पोळी तव्यावर विसरल्या.

सर हार्मोनियम जाणतात. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "दोन पट्ट्यांच्या मधली नोट पेटीत नसते." म्हणजे म्हातारी बरोबर होती आणि पेटी चूक. जेवायला वालाचं बिरडं होतं.

२७ एप्रिल

काम जोरात. एकूण चौसष्ट नोटा तयार.

आज चहाच्या टपरीवर पोरांना सांगत होतो तेव्हा शेजारचे एक गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. वाशीत संगीताची आवड असलेला माणूस पहिल्यांदाच भेटला. साधा शर्ट-पँट, केस बारीक कापलेले. बूट मात्र तांबडे, जाड तळव्याचे, चकचकीत. असे बूट मला डंपरवर असताना पाहिजे होते. कुठे मिळतात विचारलं, ते म्हणाले, "मिळतात आम्हाला." त्यांनी माझा चहा सांगितला.

"किती नोटा काढल्या म्हणालात?"

"चौसष्ट."

"सगळ्या खऱ्यासारख्या?"

"आता सगळ्या. एक महिनाभर खोटी येत होती. पण तळवलीत एक म्हातारी आहे, तिने पास केली. तिच्यापुढे खोटी चालत नाही."

"म्हातारी," ते म्हणाले. "नाव काय हो म्हातारीचं?"

"जाईबाई. चाळीस वर्षं ह्याच धंद्यात आहे."

"आणि कागद कुठून आणता?"

"कागद लागतच नाही. सगळं मशीनमध्ये. मशीन मस्कतहून आलंय."

त्यांनी खिशातून वही काढली. आवडीची माणसं अशीच असतात. मी त्यांना नऊ मेचं आमंत्रण दिलं. "हळदीत काढणार," म्हणालो. "सगळ्या गावासमोर."

"हिंमत आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, सराव आहे.

३ मे

पूर्ण धवला झाला. शेवटपर्यंत एकेक टकटक. नंतर जाईबाई माझं मनगट धरून मांडवाच्या जागेवर घेऊन गेली. खांबांचे खड्डे खणलेले होते. तिने एका कोपऱ्यात पाट ठेवला आणि स्वतःकडे बोट केलं. तिथे ती बसणार. शेजारी मशीन ठेवायला स्टूल.

मी पहिल्यांदा एक काम पुरं केलं आहे. इथे लिहून ठेवतो, मामांना दाखवायला.

७ मे

हे टायपिंगच्या सरावाच्या कागदाच्या पाठीवर लिहितो आहे, कारण डायरी जप्त आहे.

सकाळी टपरीवरचे गृहस्थ आले. आज खाकीत होते. म्हणजे बूट सरकारी. नाव बाजीराव, हवालदार. बरोबर दोन शिपाई. मशीन, टीव्ही, टेप, कॅसेट, डायरी आणि फूटपट्टी घेतली. मलाही घेतलं. सर म्हणत राहिले, "अहो मी टायपिंग शिकवतो." मुली ए एस डी एफ करायच्या थांबल्या.

चौकीत बाजीराव म्हणाले, "नाव?"

"भगवान."

"राहणार?"

"ठरलेलं नाही."

"नीट बोल. डायरी पंच्याऐंशीची आहे. म्हणजे दोन वर्षं धंदा चालू."

"वार जुळत नाहीत, साहेब. तारखा—"

ते मोठ्याने वाचायला लागले. "'संध्याकाळपर्यंत सहा नोटा खऱ्या निघाल्या. सातवी खोटी.' हे अक्षर तुझं?"

"माझं."

"'बाकी लोकांना फरक कळणार नाही.' हे पण तुझं?"

"हो. पण ते चुकीचं होतं. तिला कळला."

"मान्य करतोय," ते शिपायाला म्हणाले. "लिही. आता एक नोट दाखव मला."

"दाखवता येत नाही. ऐकवता येते."

बाजीरावांनी शिपायाला मशीनकडे बोट दाखवलं.

मग मशीन जोडलं. कॅसेटवरून प्रोग्रॅम आत जाताना चार मिनिटं किंचाळल्यासारखा आवाज होतो. शिपाई बाहेर जाऊन उभे राहिले. मग धवला सुरू झाला. बाजीराव पूर्ण ऐकत बसले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ह्याला नोट म्हणतात?"

"पुस्तकात म्हणतात. चौदा मार्चचं पान वाचा ना, सगळं लिहिलंय."

ते पान चिकटलेलं होतं. त्यांनी बोटाला थुंकी लावून सोडवलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"अरे, सूर लिहायला काय झालं होतं तुला?"

"सर नोट म्हणतात."

"मी दहा दिवस त्या टपरीवर चहा पितोय," बाजीराव म्हणाले. "ॲसिडिटी झाली मला."

मला सोडलं. मशीन सोडलं नाही. पंचनामा झालाय, आता तो मुद्देमाल आहे. साहेबांची सही लागते. साहेब गावी गेलेत, बारा तारखेला येणार.

"नऊला हळद आहे," मी म्हणालो.

"साहेब पण लग्नालाच गेलेत रे," ते म्हणाले. ओशाळल्यासारखे दिसले.

८ मे

सर सही आणायला तीन ठिकाणी जाऊन आले. नाही. मी बस स्टॉपवर उभा होतो. डंपरवाला पुन्हा दिसला, त्याने हॉर्न दिला. मी हात केला नाही. का ते माहीत नाही. वाळू भरलेली होती, बसायला जागा पण नव्हती.

९ मे

तळवलीला जाऊन सांगून टाकावं आणि परत यावं, असं ठरवून गेलो.

मांडव भरला होता. नवरीला पाटावर बसवलं होतं. कोपऱ्यात स्टूल रिकामं, आणि शेजारचा पाटही रिकामा. जाईबाई खोलीत. दार लावलेलं. चौकीची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"आला बग नोटावाला," येसूबाई म्हणाली. रडून झालेली दिसत होती. "डबा पोलिसात, म्हातारी खोलीत, आनि हलद सुकते वाटीत. आता लाव मशीन. लाव ना. तुज्या डोक्याला लाव."

बायका हसल्या. नवरी हसली नाही. ती दाराकडे बघत होती.

चूक माझी नव्हती एवढं तरी सांगावं म्हणून मी म्हणालो, प्रोग्रॅम पूर्ण झाला होता. आता मशीन असतं तर पहिली नोट अशी आली असती. आणि ती कशी ते दाखवलं. तोंडानेच, दुसरं काही हाताशी नव्हतं.

आतून एक टकटक.

मी म्हणालो, मग पुढची अशी. एक टकटक. मग अशी. एक. असं करत सातवीला आलो. तीन पॉइंट चार. ती नीट समजावी म्हणून जरा लांबवली.

बराच वेळ काही आलं नाही. मग कडी निघाली. जाईबाई तांब्या घेऊन दारात उभी. माझ्याकडे बघून तिने वाजवलं. एक.

पुढची ओळ दाखवायला घेतली तर येसूबाई त्यावर शब्द म्हणायला लागली. मग बाकीच्या बायका. त्यांचं त्यांनी चालवावं म्हणून मी थांबलो, तर तांब्या दोनदा वाजला. सातव्या नोटेला सगळ्या चुकायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, त्यामुळे दर वेळी ती मला दाखवावी लागली. अकरा कडवी आहेत. जाईबाई आपल्या पाटावर येऊन बसली. तिने नातीच्या गालाला हळद लावली. मला बसायला स्टूल दिलं, मशीनचं.

मागे बाजीराव उभे होते, साध्या कपड्यांत, तेच बूट. मी आमंत्रण दिलं होतं हे विसरलोच होतो.

म्हणजे मशीन शेवटी वाजलं नाही. मामा म्हणतात ते खरं आहे. हेही काम अर्धंच राहिलं.

१३ मे

सामान परत मिळालं. फूटपट्टी मिळाली नाही. डायरीत लाल पेन्सिलीने रेघा आहेत. २७ एप्रिलच्या पानावर समासात 'म्हातारी?' असं लिहिलंय. सरावाचे कागद मध्ये चिकटवले.

१५ मे

सकाळी घणसोलीचा एक माणूस आला. सरांना म्हणाला, "तलवलीची धवलारीन हितंच रेते ना?" सर म्हणाले, इथे कोणी बाई राहत नाही. मीही त्याला सांगितलं, जाईबाई तळवलीत असते, शाळेच्या मागे, चुन्याचं घर.

"तिनंच हितं धारला," तो म्हणाला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चोवीसला हलद हाय. मशीन नको आनू." आणि गेला. मशीन नको तर मी तिथे येऊन काय करू, हे विचारायचं राहून गेलं.

दुपारी चांगदेव अर्ज न्यायला आला. अर्ज मार्चपासून इथेच होता. आईने दिली म्हणून एक पिशवी ठेवून गेला. आत नारळ, आणि एक नवं हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं.

लुगडं येसूबाईंचं असणार, चुकून माझ्या पिशवीत आलं. रविवारी नेऊन देतो. नारळ माझाच असावा. तो फोडला, सरांना अर्धा दिला.